गावठाणात गोळी न्हाय

आमच्या ह्यांची पोष्टातली बदली मुरुमला झाली, आम्ही बिऱ्हाड लावलं आणि त्याच आठवड्यात मी माळवदावर कुरडया घातल्या. माहेर तुळजापूरचं, सवय तिकडची. कावळा हाकलायला पोरासोरांच्या हातात काठी दिली की भागायचं आमचं. इथं मी चहाचं आधण ठेवायला खाली उतरले आणि वर धप्‌धप् धप्‌धप् सुरू झालं. जाऊन बघते तर काळ्या तोंडाच्या वानरांची अख्खी टोळी पंगतीला बसलेली! एक तर पोटाशी पिल्लू धरून माझी कुरडई अशा थाटात खात होती, जशी काही माहेरपणालाच आलीय.

मी जी बोंब मारली ती पार वेशीपर्यंत गेली असेल. लगेच खालून घरमालकांचा आवाज आला, "थांबा बाई! भिऊ नका! आलोच!"

मला वाटलं धावत येतील. कशाचे धावत! आधी त्यांनी डोक्याला रुमाल बांधला. मग काळा कोट चढवला. कपाळाची विभूती पुसट झाली होती, ती ठळक केली. आणि मग खांद्यावर ठासणीची लांबलचक बंदूक घेऊन एकेक पायरी मोजल्यासारखे वर आले. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी मला विचारलं, "हं. जनावर कुठंय?"

"अहो, हे काय समोर!"

"समोर म्हंजी कुठं? तुमच्या माळवदावर का दगडू शिंप्याच्या?"

"दोन्हीकडं आहेत!"

"मंग अवघड हाय," ते म्हणाले आणि बंदूक खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवली. "बाई, ही बंदूक शेताच्या राखणीची. परवान्यात तसं लिवलंय. हे गावठाण. गावठाणात गोळी न्हाय."

मग धोतराचा काचा खोचून, दोन्ही हातांनी टाळ्या पिटत, "हूऽप! हूऽप!" करत ते असे काही नाचले की टोळीनं दगडूच्या माळवदावरून मठाकडं धूम ठोकली. कुरडया तोवर संपल्याच होत्या म्हणा. मी रडकुंडीला आले होते, पण त्या कोटातल्या नाचानं मला हसू फुटलं, आणि मला हसताना बघून तेही हसले. वीरभद्रप्पा अण्णांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

गाव त्यांना 'बंदूकवाले अण्णा' म्हणायचं. उंची बेताची, अंग सुटलेलं, मिशा मात्र जमादाराला लाजवतील अशा. गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, करडी, आणि तोंडात कायम लवंग. पक्के शाकाहारी, लिंगायताच्या घरात दुसरं काय असणार? आता अशा घरात बंदूक आली कशी, तर वडिलांकडून. वडील निजामाच्या वेळी माळीपाटील, म्हणजे साऱ्याची वसुली करणारे पाटील होते, तेव्हाची ही. वाटण्या झाल्या तेव्हा माकणीचं शेत थोरल्या भावांकडं राहिलं आणि अण्णांच्या वाट्याला मुरुमचं घर आलं. बंदूक कुणालाच नको होती. ती अण्णांनी मागून घेतली.

सोप्यातल्या खुंटीवर ती टांगलेली असायची. रोज सकाळी पूजा झाली की अण्णा तिच्या लाकडी दस्त्याला बोटभर तेल चोळायचे. दस्ता असा चकचकीत की त्यात बघून कुंकू लावावं! निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं, मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. दर राज्याचा परवाना वेगळा. पहिला उर्दूत, मग इंग्रजीत, मग मराठीत. अण्णांना तिन्ही तोंडपाठ. शिकारीचे, राखणीचे, परवान्याचे, हद्दीचे, सगळे नियम त्यांना नुसते येत नव्हते, ते त्यांना गोड लागायचे. कुणी सल्ला विचारायला आला की लवंग एका गालातून दुसऱ्या गालात जायची आणि चेहरा असा फुलायचा की विचारणाऱ्यालाच वाटावं, आपण ह्यांच्यावर काहीतरी उपकार करतोय.

आणि लोक विचारायला यायचे हो! गावात जनावरांचा उपद्रव काय कमी? माळवदात उदमांजर, परसात साप, न्हाणीत घूस, आढ्याला वटवाघळं. ज्याच्या घरी काही निघालं तो पळत यायचा, "अण्णा, बंदूक घ्या!" अण्णा कधी नाही म्हणायचे नाहीत. रुमाल, कोट, विभूती, बंदूक, सगळा सरंजाम घेऊन निघायचे. तिथं गेल्यावर चौकशी चालायची. घर कुणाचं, भाडेकरू कोण, जनावर आत आलं का आतच जन्मलं, शेजाऱ्याची हद्द किती लांब. आणि शेवटी तोच फैसला, "गावठाणात गोळी न्हाय." मग कोट काढून चूल, मिरच्या, काठी, पोतं, जे मिळेल ते घेऊन ते जनावर जिवंत हाकलून द्यायचे. इतक्या मजेत हाकलायचे की घरचा माणूस तक्रार विसरायचा.

घुशीचा खटला तर मी स्वतः बघितलाय. दगडू शिंपी आणि त्याची शेजारीण शांताबाई कासारीण, ह्यांच्यात भिंत एक आणि भांडणं रोज. घुशीनं त्या भिंतीखाली बीळ पाडलं. शांताबाई म्हणाली घूस दगडूची, दगडू म्हणाला शांताबाईची. दोघं तणतणत अण्णांच्या सोप्यात आली.

अण्णा बाजेवर मांडी घालून बसले. "हे बघा. रानटी जनावराची मालकी कुणाचीच न्हाय. पर बीळ घराचं असतं. ज्याच्या जमिनीत बीळ, त्यानं बंदोबस्त करायचा. आपली पीडा दुसऱ्याच्या घरात हाकलायची न्हाय, ह्यो कायदा."

"अन् अण्णा, गोळी?" दगडूनं विचारलं.

अण्णांनी तोंड उघडायच्या आतच ओट्यावर जमलेली सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, "गावठाणात गोळी न्हाय!"

दगडूच्या न्हाणीतल्या तोंडाशी मडक्यात गोवऱ्या पेटवल्या, वर मूठभर लाल मिरच्या. अण्णा सुपानं वारा घालायला बसले. शांताबाईच्या चुलीपाशी दुसरं तोंड, तिथं चौघं जण काठ्या घेऊन उभे. वारा घालून घालून अण्णा घामाघूम झाले, पण शांताबाईकडं धुराचा पत्ता नाही. आणि एकदम अण्णांच्याच घरातून त्यांच्या बायकोची, नागम्मा अक्कांची, किंकाळी आली, "अय्यो शिवने! देवघर पेटलं की वो!"

घुशीचं तिसरं तोंड अण्णांच्या देवघराखाली निघालं होतं! आम्ही सगळे पळालो. आत धुरानं काही दिसेना. अक्का पदर तोंडाला लावून खोकतायत, आणि त्या धुरातून मांजराएवढी घूस बाहेर आली, उंबऱ्यात उभ्या असलेल्या अण्णांच्या पायावरून गेली आणि मठाच्या भिंतीपलीकडं पसार झाली. अण्णांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा चालल्या होत्या. खोकत, शिंकत, हात वर करून ते ओरडले, "फैसला झाला! घूस आमची! गेली बघा हद्दीबाहेर!"

दगडू आणि शांताबाई इतकी हसली की भांडण काय होतं हेच त्यांना आठवेना. अक्का मात्र सगळं देवघर घासूनपुसून काढेपर्यंत नवऱ्याशी कानडीतून बोलत होत्या. त्या दोघांची रीतच होती तशी, भांडायचं कानडीत आणि समेट मराठीत. जेवायला वाढताना अक्का मराठीत आल्या की मी समजायची, मिटलं.

दुसरी गोष्ट उमरग्याच्या तहसिलीतल्या साहेबांच्या मेहुण्यांची. हे पाहुणे हैदराबादेत वाढलेले, पायात बूट, हातात नवी कोरी दुनळी. शिकारीचा शौक भारी. मुरुमला आले, आमच्या माळवदावर चढले आणि त्यांना मठाच्या भिंतीतले पारवे दिसले. शेकड्यानं पारवे राहायचे तिथं. "वा! इथूनच उडवतो," म्हणाले.

मला वाटलं अण्णा आता नेहमीचं वाक्य टाकतील. पण पाहुणा साहेबाचा मेहुणा, त्याला असं तोंडावर कोण सांगणार? अण्णा हात जोडून म्हणाले, "मारा की साहेब. पर जागा मठाची. मालकाची इजाजत लागती. स्वामी परगावी गेलेत, दुपारच्याला येतील. तवर दोन घास खाऊन घ्या."

आणि आत येऊन अक्कांच्या कानाशी लागून म्हणाले, "हुग्गी कर. तुपाला हात आखडू नगंस."

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, गुळातली. अक्कांच्या हातची हुग्गी खाऊन माणूस उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही. पाहुण्यांना अण्णांनी आग्रह करकरून वाढली, वर दूध, वर तुपाची धार, वर पुन्हा आग्रह. पाहुणे सोप्यात बाजेवर जरा टेकले ते घोरायलाच लागले. अण्णा शेजारी बसून त्यांच्यावरच्या माशा वारत होते. एवढ्या प्रेमानं मी कुणी मेहुण्याला वारा घातलेला बघितला नाही.

पाहुणे उठले तेव्हा उन्हं भिंतीवरून गेली होती. "चला चला, पारवे!" म्हणून त्यांनी बंदूक उचलली. अण्णांनी दाराबाहेर येऊन मावळतीकडं बोट दाखवलं. "साहेब, दिवस बुडाला. दिवस बुडाल्यावर शिकार मना हाय."

पाहुण्यांनी अण्णांकडं बघितलं, सूर्य बुडाला तिकडं बघितलं, आणि मग ते खो खो हसत सुटले. माणूस चांगला होता, राग धरला नाही. म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं!"

"वकील झालो असतो तर तुमाला हुग्गी कुणी खाऊ घातली असती?" अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी भांडी आवरताना मी अक्कांना विचारलंच. म्हटलं, "अक्का, खरं सांगा. अण्णांनी आजवर काही मारलंय का हो?"

अक्कांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मारतेत की. बाजेत ढेकूण दिसला की मला हाक मारतेत. मंग म्या मारते."

तेव्हापासून मला अण्णा जास्तच आवडायला लागले. गावाला वाटायचं, माणूस कायद्याचा वेडा आहे. गावाला ह्यातली मेख कळली नव्हती. मला कळली आणि मी ती कुणाला सांगितली नाही.

पण मग बंदुकीवरच बेतलं. परवाना नवा करायला अण्णा उमरग्याला गेले तर साहेब नवे. त्यांनी साधा प्रश्न विचारला, परवाना शेताच्या राखणीचा, तर शेत कुठाय? शेत तर भावांकडं. साहेब म्हणाले, "ह्या खेपेला करून देतो. पुढच्या खेपेला पीक दाखवा, नाहीतर बंदूक ठाण्यात जमा करा."

अण्णा परत आले ते जेवलेच नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, बापाची एवढीच वस्तू माज्याजवळ हाय. त्याचा आवाज इसरलो बघा मी. पर बंदुकीला तेल लावतानी त्यो कसा बसायचा, त्ये रोज सकाळी दिसतं मला. ही गेली की त्ये बी गेलं."

चहा तसाच निवला. पण हार मानतील ते अण्णा कसले! चार दिवस कायदा चघळल्यावर त्यांना वाट सापडली. परवान्यात 'शेत' लिहिलं होतं, ते कुठं असावं हे लिहिलं नव्हतं. मग काय, अक्कांची फुलझाडं उपटली, परस नांगरायला बैल आत जाईना म्हणून कुदळीनं खणलं आणि घराच्या परसात, न्हाणी आणि गोठ्याच्या मधे, अण्णांनी ज्वारी पेरली. शाळू. चांगली डोक्याएवढी आली हो! न्हाणीचं पाणी मिळायचं, माजली नुसती. साहेब एकदा कामानं मुरुमला आले तेव्हा अण्णांनी त्यांना परसात नेलं. शेजारी वाळत घातलेली धुणी आणि मधे कणसं डोलतायत! साहेब पोट धरून हसले आणि सही करून गेले. बंदूक राहिली. त्या दिवशी अक्कांनी गल्लीत पेढे वाटले, फुलझाडं गेल्याचं दुःख विसरून.

दरसाल ज्वारी यायला लागली. आणि दरसाल वानरंही यायला लागली. आधी टोळी मठाकडं राहायची, कधीमधी आमच्याकडं चक्कर टाकायची. आता घरच्या परसात दुधाळ कणसं मिळाल्यावर कोण जातंय? टोळी दोन दिवस खाऊन पुढं तरी जायची. पण एका साली एक हुप्प्या मागं राहिला. टोळीतून हाकललेला एकटा नर, एक कान फाटलेला, अंगानं दांडगा. परसाच्या भिंतीवर त्यानं ठाणंच मांडलं. कणसं खायची, कंटाळा आला की गल्लीत उतरून कुणाच्या हातातली भाकरी ओढायची. अण्णांचं हूप हूप त्यानं पहिल्यांदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा उलट दात दाखवले.

तोवर गंमत होती. एके सकाळी दगडूची आई, कोंडाआजी, पाण्याचा तांब्या घेऊन दारातून उतरत होती. हुप्प्यानं वरून उडी टाकली, आजी दचकली आणि पायऱ्यांवरून खाली पडली. हात मोडला. म्हातारी रस्त्यात पडून "आई गंऽ" म्हणत होती आणि सगळी गल्ली अण्णांच्या दारात.

दगडूचा चेहरा लालबुंद. "अण्णा, आज काय बी सांगू नका. गोळी घाला त्याला."

 अण्णा कसंबसं म्हणाले, "दगडू, मारुतीचं रूप हाय ते."

"आमाला पाप हाय, तुमी शंकराचे! तुमाला मारुतीचं काय?"

"मारुती कुणाचा अवतार, ठाऊक हाय का? शंकराचाच!"

एरवी ह्यावर लोक हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. गल्लीनं उमरग्याला दरखास्त दिली, सह्या, अंगठे, सगळ्यांचे. आणि साहेबांचा हुकूम आला. साफ लिहिलेलं होतं, की ह्या एका जनावरापुरती गावठाणात गोळी झाडायला वीरभद्रप्पांना खास परवानगी आहे. येत्या बाजारच्या दिवसापर्यंत बंदोबस्त करावा. नाहीतर बंदूक कामाची नाही असं धरून ती ठाण्यात जमा व्हावी.

अण्णांनी हुकूम उजेडात धरून बघितला. शिक्का बघितला. मग माझ्याकडं घेऊन आले. "बाई, तुमी शिकलेल्या. ह्यात कुठं काय राहिलंय का, बघा." मी दोनदा वाचला. काही राहिलं नव्हतं. जन्मभर ज्याच्याआड उभे राहिले तो कायदाच बाजूला सरकला होता. मी नुसती मान हलवली. त्यांचं तोंड बघून मला रडू आलं.

बाजाराच्या आदल्या दिवशीची दुपार. अक्का आणि मी परसाच्या दारात गहू निवडत बसलो होतो, अण्णा खांबाला टेकून. समोर भिंतीवर हुप्प्या, दोन्ही हातांनी कणीस धरून निवांत खात होता. अक्का त्याच्याकडं बघत होत्या. मग गव्हातली माती फुंकत, भांडण नव्हतं तरी पहिला शब्द कानडीत आणि पुढचं मराठीत, असं म्हणाल्या, "एन्री, बंदूक ठिवायला ज्वारी लावली. ज्वारी खायला त्यो आला. त्याला मारायला आता बंदूक पायजे. अन् हात मोडला त्या म्हातारीचा. मंग सांगा, ही पीडा कुणाच्या घरची?"

अण्णांनी तोंडातली लवंग थुंकली. मग उठले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा सगळी माळवदं माणसांनी भरलेली. आज गोळी सुटणार! दगडू आमच्याच माळवदावर होता. मी परसाच्या दारात उभी. बार झाला तर कान झाकायचे का डोळे, हेच ठरत नव्हतं.

अण्णा बाहेर आले. कोट नाही, रुमाल नाही. अंगात बंडी, आणि हातात विळा. कुणाकडं न बघता त्यांनी धोतर खोचलं आणि पहिल्या सरीपासून ज्वारी कापायला सुरुवात केली. कणसं अजून कोवळी, हिरवी, दुधानं भरलेली. सरासर कापत सुटले.

"अण्णा! अवो, काय करताय?" वरून दगडू ओरडला.

अण्णांनी कंबर सरळ केली. "खाली ये. आजीला उचलून आण. हुरडा खायाला बोलीवलंय म्हनावं. समद्यांनी या!"

मग शांताबाई कासारीण म्हणाली, "बया! मी चटणी आणते!" आणि माळवदं भराभर रिकामी झाली. परसाच्या मधे खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटली. अण्णा कणसं भाजायचे, मी आणि अक्का चोळायचो, दगडू सुपात पाखडायचा. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, सगळ्या घरांतून येत राहिलं. अख्खं शेत त्या सकाळी गल्लीच्या पोटात गेलं. भिंतीवरचा हुप्प्या एवढी माणसं आणि एवढा धूर बघून आधी वर सरकला, मग पलीकडं उतरला. नंतर एकदोनदा येऊन गेला, पण परसात नुसती धसकटं. मग ओढ्याकडं टोळी होती तिकडं निघून गेला, तो परत काही आला नाही.

कोंडाआजीला अण्णांनी स्वतः पाट दिला. हात गळ्यात बांधलेला होता तिचा. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, तुमचा हात माज्या ज्वारीनं मोडला. माज्या हौसेपायी. माफी करा."

आजीनं त्यांच्याकडं टक लावून बघितलं. "मंग खलबत्त्यात कुटून दे की मला. दात हायेत का तोंडात?"

आणि अण्णांनी खरंच मांडी घालून म्हातारीसाठी हुरडा कुटला. अक्का हसता हसता डोळे पुसत होत्या.

दुपारी दगडू म्हणाला, "अण्णा, हुप्प्या गेला. आता हुकूम कशाचा? म्या साहेबाला सांगतो, तुमी बंदूक ठिवा."

"न्हाय दगडू," अण्णा म्हणाले. "शेत गेलं. शेत न्हाय तर राखण न्हाय, राखण न्हाय तर परवाना न्हाय. कायदा हाय ह्यो." आणि ते असे हसले, की त्या माणसाच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं ते मला लख्ख दिसलं.

मग रुमाल, कोट, विभूती. अक्कांनी बंदुकीला हळदकुंकू लावलं, आणि लेकीला पाठवताना बोलावं तसं दबक्या आवाजात तिच्याशी काहीतरी बोलल्या. ठाण्याकडं निघालो ते आम्ही सगळेच. अण्णा पुढं, अक्का आणि मी मागं, आणि आमच्यामागं गल्ली.

जमादारांनी बंदूक हातात घेतली, दस्ता बघून वा म्हणाले. मग नळीचं तोंड डोळ्याशी नेलं आणि थबकले. नळीत मातीचा बूच! कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं. एक नव्हे, जुन्या घरावर नवं, त्यावर आणखी नवं.

"अण्णा, ही उडवली कधी होती शेवटी?" जमादारांनी विचारलं. "बार काढला असता तर फुटून तोंडावर आली असती!"

सगळी गल्ली अण्णांकडं बघत होती. अण्णांनी एकदा अक्कांकडं बघितलं. "म्या न्हाय उडवली जमादार. कदीच न्हाय. बापानं उडवली असंल तेवढीच."

"मंग इतकी वर्सं आमी कुणाच्या भरवशावर निजत हुतो?" दगडू म्हणाला, आणि ठाण्याच्या ओसरीवर जो हशा उसळला, त्यात अण्णांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

जमादारांनी नळी साफ करायला लोखंडी गज उचलला. तसे अण्णा एकदम पुढं झाले आणि त्यांनी जमादारांचा हात धरला. "थांबा थांबा! आत पिल्लं असतील!"

"अण्णा, माशी हाय ती!"

"असंना का. पंख फुटले की जातील आपसूक. तवर तशीच टांगा."

जमादारांनी एकदा त्या मिशांकडं बघितलं, एकदा बंदुकीकडं, आणि गज खाली ठेवून बंदूक भिंतीला टांगली. तशीच, घरासकट.

परत येताना बाजार भरला होता. ठाण्याच्या पायऱ्या उतरल्यावर अण्णा जरा घोटाळले. उजवा हात खांद्याशी गेला, तिथं काही नव्हतं. मग त्यांनी अक्कांच्या हातातली बाजाराची पिशवी घेतली, खांद्यावर टाकली आणि गर्दीतून चालू लागले. एका माळणीनं हाक मारली, "शरणार्थ, बंदूकवाले अण्णा!" अण्णांनी हात जोडून शरणार्थ घेतला आणि भेंड्या कशा दिल्या ते विचारायला थांबले.